झांज आहे, पण घासू नका!

खंडेनवमीचा दिवस. वाळूजला कंपनीत मशीनची पूजा आटोपली, पेढा खाल्ला आणि खुशीत सिडकोतल्या घरी पोचलो. बघतो तर काय, गॅलरीत जुन्या पेपरवर माझी तिन्ही सिंबल्स उन्हात वाळत घातलेली! शेजारी चिंचेचा कोळ, भांड्यांची घासणी आणि आईचा दमलेला चेहरा.

"अरे, म्हटलं तुझ्याही हत्यारांची पूजा करावी. केवढी धूळ बसली होती त्या झांजांवर! पण मेल्या चमकतच नाहीत बघ."

चमकणार कशा? त्या पितळेच्या नव्हत्याच. रबराच्या होत्या!

रात्री हेडफोन लावून बसलो आणि पोटात गोळाच आला. क्रॅशची कड हाताने धरली तरी आवाज थांबेना. राइडची बेल तर गायबच! वर्षभर पैसे साठवून घेतलेला इलेक्ट्रॉनिक किट. दिवसभराची टार्गेट्स आणि जालना रोडचा ट्रॅफिक झेलल्यावर रात्री अकराची पाऊण तासाची प्रॅक्टिस, एवढंच काय ते माझं स्वतःचं. फ्लॅटमध्ये खरे ड्रम्स वाजवायचं धाडस कोण करणार? दुसऱ्याच दिवशी सोसायटीची नोटीस! आणि आता तोही किट आजारी.

आईचं लॉजिक तसं बरोबर होतं

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण खऱ्या झांजेच्या बाबतीत आईचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या शहरातच बघा ना. औरंगाबाद लेण्यांमधल्या सात नंबरच्या लेण्यात नर्तकीभोवती वादक स्त्रिया बसल्यात, त्या साथीत झांजाही आहेत. सहाव्या शतकाच्या सुमाराचं हे शिल्प! म्हणजे झांज आपल्याकडे काल-परवा आलेली नाही आणि ती चिंचेने घासायची सवयही आजीच्या आजीपासूनची. पितळ असो वा कासं, दोन्हींत तांबं असतं. तांब्यावर चढलेला काळपट थर चिंचेतल्या आम्लात विरघळतो आणि भांडं लखलखतं. ड्रम किटची महागडी धातूची सिंबल्सही साधारण ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील अशाच मिश्रणाची असतात.

पण १९८१ मध्ये ब्रिटनच्या सिमन्स कंपनीने षटकोनी पॅड्सचा इलेक्ट्रॉनिक ड्रम काढला, १९८५ मध्ये जपानच्या रोलंडचा ऑक्टापॅड आला आणि सगळा मामलाच बदलला. ऑक्टापॅड तुमच्या चांगलाच ओळखीचा आहे. लग्नातला ऑर्केस्ट्रा असो की गणपतीतला बँड, त्याच्याशिवाय पान हलत नाही! आपलं इलेक्ट्रॉनिक सिंबल हे त्याच खानदानातलं. ते स्वतः वाजतच नाही. ते फक्त मोड्यूलला निरोप देतं.

आत दडलंय काय?

वरून रबर, खाली प्लॅस्टिक आणि मध्ये एक छोटी चकती, तिचं नाव पिएझो. स्टिक पडली की पॅड थरथरतं, पिएझोवर दाब येतो आणि त्यातून किंचित वीज निघते. जोरात मारलं तर जास्त, हळू मारलं तर कमी. ती मोजून मोड्यूल आवाज काढतं. कडेच्या रबराखाली बहुधा दोन पातळ पट्ट्यांचा स्विच असतो. कड दाबली की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि आवाज थांबतो. यालाच म्हणतात चोक.

आता विचार करा. अशा जागी चिंचेचं पाणी शिरलं तर? म्हणून फंडा सिंपल आहे. इथे चमक हवीच कुणाला? इथे दुष्मन चार आहेत : धूळ, घाम, ऊन आणि आपली घाई.

साफ कसं करायचं?

आधी मोड्यूल बंद करा आणि केबल प्लगला धरून काढा. वायर ओढून नाही! मग कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. आपल्याकडे संध्याकाळी खिडकी उघडी राहिली की सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, तेव्हा हे काम आठवड्याला एकदा तरी हवंच.

त्यानंतर मायक्रोफायबरचं फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा. पाणी टपकता कामा नये. घामाचे डाग असतील तर वाटीभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरेत. हे पाणी पॅडवर थेट शिंपडू मात्र नका. नुसतं फडकं फिरवा, नंतर साध्या ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. अर्धा तास सावलीत राहू द्या, मगच केबल जोडा. लाकडी स्टिकचे करडे पट्टे एवढ्याने बरेचसे जातात. उरलेले राहू द्या, ते मेहनतीचे डाग आहेत बॉस!

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर यांना सक्त मनाई. रबर कडक होतं, त्याचा रंग उडतो. टायर पॉलिशचा मोह तर अजिबात नको. दोन दिवस शोरूमसारखं दिसेल, पण स्टिक घसरेल आणि धूळ दुप्पट चिकटेल. धातूच्या सिंबलचं क्लीनर इथे काहीच कामाचं नाही.

नुसतं पुसून भागत नाही

अर्धी दुखणी धुळीची नसतात, तर नटाची असतात. सिंबलवरचा नट जीव खाऊन आवळू नका. सिंबल थोडं डोलायला हवं. ते जखडलं की प्रत्येक फटका थेट प्लॅस्टिकवर आणि पिएझोवर बसतो. खालचा फेल्ट चपटा झाला असेल तर बदला. सिंबल गोल फिरू न देणारा स्टॉपरही जागेवर आहे ना, ते बघा. बऱ्याच पॅड्समध्ये कडेचा स्विच वाजवणाऱ्याच्या बाजूलाच असतो. पॅड फिरलं की तुम्ही नुसतंच रबर बडवताय!

केबलला थोडी ढील द्या. टोकाला तडे गेलेली स्टिक टाकून द्या, ती रबर कापते. मे महिन्यात किट गॅलरीच्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका. झाकायला प्लॅस्टिक नको, आईची जुनी सुती साडी बेस्ट. धूळ अडते आणि ओलावाही कोंडत नाही.

माझ्या झांजांचं पुढे काय झालं?

पॅड बोलत नसेल तर लगेच 'गेलं' म्हणून हाय खाऊ नका. चालू पॅडची केबल बंद पॅडला लावून बघा. पॅड बोलायला लागलं तर दोष केबलचा. तरीही गप्पच असेल तर तेच पॅड मोड्यूलच्या दुसऱ्या योग्य इनपुटवर तपासा. तिथे चाललं तर पहिल्या इनपुटमध्ये किंवा सेटिंगमध्ये गडबड आहे. वॉरंटी असेल तर स्क्रू ड्रायव्हर लांबच ठेवा.

मीही हेच केलं. तिन्ही सिंबल्स दोन दिवस पंख्याखाली सावलीत ठेवली. तिसऱ्या दिवशी क्रॅशचा चोक परत आला. आणि राइडची बेल? तो घोळ माझाच होता! घाईघाईत जोडताना मित्राची गिटारची केबल लावली होती. ती मोनो आणि राइडला लागते स्टीरिओ. केबल बदलली, बेल वाजली. म्हणजे ज्या दुखण्याचं खापर मी दोन दिवस मनातल्या मनात आईवर फोडत होतो, त्यातलं अर्धं माझंच निघालं.

आईला हेडफोन लावून क्रॅश वाजवून दाखवला. ती दचकली आणि मग हसलीच. "अगं बाई, एवढ्याशा रबरात एवढा आवाज?"

पुढच्या खंडेनवमीला तिने कोरडं फडकं घेऊन, माझ्या देखरेखीखाली, सिंबल्स पुसली. हळदकुंकवाची बोटं मात्र स्टँडच्या लोखंडी पाइपला लावली आणि झेंडूचं फूल मोड्यूलपासून चांगलं हातभर लांब ठेवलं. घासणीचे चार ओरखडे राइडवर अजून आहेत. वाजवताना स्टिक बरोब्बर तिथेच पडते.