घरातली लक्ष्मी रविवर्मांची का?

जुन्या फ्रेममधली लक्ष्मी राजा रविवर्मांचीच का, हे आता घरबसल्या बरंचसं तपासता येतं. फोटो गूगल लेन्सवर टाका. मात्र तिथंच थांबू नका, कॅलेंडरवाल्यांनी या चित्रांच्या नकला भरमसाट केल्यात. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरच्या नोंदी जास्त भरवशाच्या. त्यांत माध्यम, आकार आणि बऱ्याचदा चित्र संग्रहात कुठून आलं तेही असतं. आधी माध्यम वाचा, चित्र हातानं रंगवलेलं की छापलेलं ते त्यावरून कळतं. रविवर्मा १९०६ साली वारले. पण १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेला त्यांचा छापखाना नंतरही ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत प्रती, छापत राहिला. चित्राखाली छापखान्याचं नाव असेल, तर ते तैलचित्र नव्हे. लिलावांतले कोटींचे आकडे पाहून हुरळू नका. ते मूळ तैलचित्रांचे असतात.