पाचशे ग्रॅमच्या अलीकडे

1 जून 2025 पासून जर्मनीत गर्भपातानंतरच्या रजेचा कायदा बदलला. तेराव्या आठवड्यापासून पुढे गर्भ गेला, तर नोकरदार बाईला आता प्रसूतीनंतरचं संरक्षण मिळतं: तेराव्या आठवड्यापासून दोन आठवडे, सतराव्यापासून सहा आणि विसाव्यापासून आठ. या काळात तिचं उत्पन्न चालू राहतं आणि तिने स्वतः स्पष्ट इच्छा सांगितल्याशिवाय मालकाला तिला कामावर बोलावता येत नाही. आधीचा नियम पाहिला की या बदलाचं मोल कळतं. चोविसावा आठवडा लागलेला नसेल आणि बाळाचं वजन पाचशे ग्रॅमपेक्षा कमी भरलं, तर कायद्याच्या लेखी ती प्रसूती नव्हती, म्हणून प्रसूतीनंतरची रजाही नव्हती. तेविसाव्या आठवड्यात कळा सोसून गतप्राण बाळाला जन्म देणाऱ्या बाईला, अंगावर दूध उतरलेलं असताना, डॉक्टरकडे आजारपणाचं प्रमाणपत्र मागावं लागे. ते किती दिवसांचं द्यायचं, मुळात द्यायचं की नाही, हे त्या डॉक्टरच्या मतावर ठरे. नताशा सागोर्स्की या लेखिकेला दहाव्या आठवड्यातल्या गर्भपातानंतर रजेची गरज नाही असं सांगण्यात आलं, आणि तिथून त्यांनी हा विषय हाती घेतला. 2022 मध्ये आणखी काही स्त्रियांसह त्या संविधान न्यायालयात गेल्या. न्यायालयाने 2024 मध्ये प्रक्रियेच्या कारणावरून तक्रार दाखल करून घेतली नाही, पण तोवर प्रश्न संसदेपर्यंत पोहोचला होता. 30 जानेवारी 2025 रोजी बुंडेस्टागने विधेयक मंजूर केलं.

नोंदणीसाठी कुठेतरी रेष आखावीच लागते. जर्मनीत 1994 पर्यंत ती हजार ग्रॅमवर होती, नंतर पाचशेवर आली. गडबड तेव्हा झाली जेव्हा दफ्तरासाठी आखलेली रेष शरीराला आणि दुःखाला लावली गेली. त्यामागे दोन समजुती होत्या आणि त्या आपल्या मराठी घरांतही तितक्याच मुरलेल्या आहेत. एक, लवकर गेलेला गर्भ म्हणजे फारसं काही गेलंच नाही. दुसरी, जे झालं ते बाईच्या हातून काहीतरी चुकल्यामुळे झालं. या दोन समजुती परस्परविरोधी वाटतात, पण त्या एकमेकींना धरून उभ्या आहेत. काही गेलंच नाही म्हटल्यावर कुणी बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून कारणं मनानेच रचली जातात. मग ती एकट्या बाईच्या पदरात पडतात.

म्हणून आधी कारणांकडे पाहू. 2021 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने गर्भपातावर लेखमाला प्रसिद्ध केली. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे 15 टक्के अशा संपतात आणि जगभरात वर्षाला अंदाजे 2 कोटी 30 लाख गर्भपात होतात, असं तिच्यात मांडलं आहे. यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतले, आणि त्या काळातल्या निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली आढळते. एखादं गुणसूत्र जास्त, एखादं कमी. ही चूक बहुधा बीजांड तयार होताना किंवा फलनानंतरच्या पहिल्या विभाजनांत होते, म्हणजे बाईला दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. बीजांडं तिच्या शरीरात ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. वय वाढतं तसं त्यांच्या विभाजनात चुका होण्याचं प्रमाण वाढतं. याच लेखमालेनुसार विशीतल्या बाईला हा धोका साधारण 12 टक्के असतो आणि पंचेचाळिशीनंतर तो 65 टक्क्यांवर जातो. वडिलांचं वय चाळिशीपुढे असेल तर त्याचाही परिणाम दिसतो, पण आपल्याकडे त्यांच्या वयाची चौकशी सहसा कुणी करत नाही.

आता पपई, जड बादली आणि स्कूटरवरचा प्रवास. या समजुती इतक्या चिवट का, याचं उत्तर काळाच्या एका घोटाळ्यात आहे. गर्भाची वाढ थांबते त्या दिवशीच रक्तस्राव सुरू होतो असं नाही. अनेकदा मधे कित्येक दिवस जातात, कधी दोन-तीन आठवडे. सोनोग्राफीत 'ठोके नाहीत' असं कळतं तेव्हा गर्भ आधीच मिटलेला असतो. पण बाईच्या आणि घरातल्यांच्या लेखी घटना घडते ती रक्त दिसलं त्या दिवशी, आणि शोध सुरू होतो तो त्याच्या आदल्या दिवसाचा. आदल्या दिवशी प्रत्येकीने काही ना काही उचललेलं असतं, काहीतरी उष्ण खाल्लेलं असतं, कुणाशी तरी बोलाचाली झालेली असते. तेच सगळं करूनही जिचं बाळ सुखरूप जन्मलं तिची आठवण कुणी काढत नाही. पपईबाबतीत थोडा तपशील सांगायला हवा. 2002 मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावलेलं दिसलं, पिकलेल्या पपईच्या रसाने तसं काही दिसलं नाही. म्हणून कच्ची पपई टाळायला हरकत नाही, पण पिकल्या पपईची एक फोड खाल्ली म्हणून जन्मभर स्वतःला कोसायला कसलाही आधार नाही. नेहमीचं घरकाम, चालणं, बेताचा व्यायाम, शरीरसंबंध, पूर्वी घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, यांतल्या कशामुळेही गर्भपात होतो असं दिसून आलेलं नाही. नजरेची आणि ग्रहणाची गोष्ट तर सोडूनच देऊ.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मग काळजी घेण्याला अर्थच नाही का? आहे. धूम्रपान, दारू, आटोक्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचे विकार, मलेरियासारखे संसर्ग, रात्रपाळी यांनी धोका वाढतो. काही बायकांच्या रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं असतात, काहींच्या गर्भाशयाची रचना वेगळी असते. वारंवार गर्भ जात असेल तर ही कारणं शोधता येतात आणि त्यांतल्या काहींवर उपचारही आहेत. पण धोका वाढवणारी गोष्ट आणि या बाईच्या या गर्भपाताचं कारण, यांत अंतर आहे. पहिलीसाठी डॉक्टर लागतो. दुसऱ्याची उलटतपासणी घरात बसून करता येत नाही, आणि करूही नये.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी जोडप्यांच्या वाट्याला यातून एक खास पेच येतो. सातव्या आठवड्यात डाग दिसला की तिथली स्त्रीरोगतज्ज्ञ तपासते, 'थांबून पाहू' म्हणते आणि घरी पाठवते. पुण्या-नागपूरहून व्हिडिओ कॉलवर सासू किंवा आई विचारते, 'दाखल नाही केलं? गोळ्या नाहीत? पडून राहायलाही नाही सांगितलं?' आणि तिकडचे डॉक्टर बेपर्वा आहेत असा निष्कर्ष निघतो. त्या माउलींची काळजी खरी आहे, पण पडून राहिल्याने गर्भपात टळतो याला पुरावा मिळालेला नाही. कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या तपासून हेच नोंदवलं. प्रोजेस्टेरॉनची गोष्ट थोडी निराळी आहे. ब्रिटनमध्ये रक्तस्राव झालेल्या चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली 'प्रिझम' चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेतलेल्यांपैकी 75 टक्क्यांना मूल झालं, न घेतलेल्यांपैकी 72 टक्क्यांना. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान. पण ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते त्यांच्यात हे आकडे 72 आणि 57 होते. म्हणजे सरसकट सगळ्यांना गोळ्या देणं जितकं निराधार, तितकंच आधीचे गर्भपात न विचारता 'थांबून पाहू' म्हणणंही अपुरं. आधी गर्भ गेलेला असेल आणि आता रक्त दिसत असेल, तर जर्मन डॉक्टरांपुढे हा विषय स्वतःहून काढावा.

गर्भ गेल्यावर काय करायचं, याबद्दलही घाईचे समज आहेत. 'लगेच क्युरेटिंग करून घ्या, नाहीतर विष पसरेल' हे त्यांतलं सगळ्यात घाबरवणारं. ताप नसेल, रक्तस्राव आटोक्यात असेल, तर पहिल्या तीन महिन्यांत वाट पाहणं, औषधं घेणं आणि शस्त्रक्रिया हे तिन्ही मार्ग खुले असतात. ब्रिटनमधल्या 2006 च्या एका मोठ्या चाचणीत तिन्हींमध्ये संसर्गाचं प्रमाण 2 ते 3 टक्क्यांच्या आसपास, जवळपास सारखंच होतं. वाट पाहणाऱ्यांपैकी काहींना नंतर शस्त्रक्रिया लागली, हेही खरं. शस्त्रक्रिया करायचीच तर धारदार उपकरणाने खरवडण्यापेक्षा शोषण पद्धत वापरावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोणती पद्धत वापरणार हे जर्मनीतही विचारून घ्यावं आणि पुण्यातही. पुढच्या गर्भधारणेसाठी सहा महिने थांबायलाच हवं, हा सल्ला त्याच संघटनेने 2005 मध्ये दिला होता. पण स्कॉटलंडमधल्या तीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास 2010 मध्ये आला, त्यात सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिलेल्यांची स्थिती उलट बरी दिसली. शरीर सावरलं असेल आणि मनाची तयारी असेल तर कॅलेंडर आड येत नाही. मन तयार नसेल, तर 'आता लगेच दुसरं होऊ द्या' हा आग्रह मात्र आड येतो.

मनाच्या बाजूने सर्वांत मोठा आक्षेप असा घेतला जातो, की जी गोष्ट शंभरातल्या पंधरा गर्भधारणांत घडते ती निसर्गक्रमच आहे, तिचं एवढं काय घ्यायचं? हा युक्तिवाद मला पटत नाही. मृत्यू तर शंभरातल्या शंभरांना येतो, म्हणून सुतक कुणी रद्द केलं नाही. आणि इथे अंदाजाची गरजही नाही. लंडनच्या रुग्णालयांतल्या, लवकर गर्भ गमावलेल्या साडेसहाशेहून अधिक स्त्रियांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याभराने त्यांतल्या 29 टक्के स्त्रियांमध्ये आघातोत्तर तणावाची लक्षणं होती, 24 टक्क्यांमध्ये तीव्र चिंता, 11 टक्क्यांमध्ये नैराश्य. नऊ महिन्यांनंतरही 18 टक्क्यांमध्ये आघाताची लक्षणं टिकून होती. नऊ महिने म्हणजे जवळजवळ तोच काळ, ज्यात आजूबाजूचे सगळे ती घटना विसरून गेलेले असतात. याची दुसरी बाजूही सांगायला हवी: प्रत्येकीला असंच वाटतं असं नाही. काहींना दुःख थोडं होतं, काहींना सुटल्यासारखं वाटतं, काही चार दिवसांत कामाला लागतात आणि त्यात त्यांना बरं वाटतं. तिने रडायलाच हवं हा आग्रह, तिने रडू नये या आग्रहाइतकाच चुकीचा. जर्मन कायद्यात काम करण्याची इच्छा बाईवर सोडली आहे, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.

या कायद्याविरुद्ध खर्चाचा मुद्दाही निघतो: अशी रजा दिली तर छोटे मालक तरुण बायकांना नोकरीवर घ्यायला कचरतील. जर्मनीत याचं उत्तर आधीपासून तयार होतं. प्रसूतिसंरक्षणाच्या काळात मालकाने भरलेली रक्कम त्याला एका सामाईक निधीतून पूर्ण परत मिळते, आणि त्या निधीत सगळे मालक पैसे भरतात, पुरुष कामगारांच्या वेतनावरही. त्यामुळे बोजा एकावर पडत नाही. हे संरक्षण नागरिकत्व पाहत नाही. ब्लू कार्डवर काम करणाऱ्या मराठी मुलीलाही ते लागू आहे. बाराव्या आठवड्यानंतर गर्भ गेला तर चार महिने तिला नोकरीवरून काढता येत नाही, हा नियम तर 2017 पासूनच आहे. जी नोकरी करत नाही, नवऱ्याच्या आरोग्य विम्यात आहे, तिलाही गर्भपातानंतर हेबामे, म्हणजे सुईणीची, घरी येऊन होणारी मदत विम्यातून मिळू शकते. अनेकींना याचा पत्ताच नसतो. आणि 15 मे 2013 पासून, गर्भ कितीही लहान असो, आईवडील नोंदणी कार्यालयात जाऊन बाळाच्या नावाचं प्रमाणपत्र घेऊ शकतात, वर्षांपूर्वी गेलेल्या बाळाचंसुद्धा. बार्बारा आणि मारिओ मार्टिन या दांपत्याच्या 2009 पासूनच्या पाठपुराव्याने हे घडलं. या कागदातून कुठलाही कायदेशीर हक्क मिळत नाही, तरीही लोक तो घेतात.

गंभीर आक्षेप उरतो तो नव्या रेषेवर. जर्मनीत वर्षाला होणाऱ्या सुमारे 90 हजार गर्भपातांपैकी तेराव्या आठवड्यानंतरचे अवघे 6 हजारांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. म्हणजे बहुसंख्य बायका अजूनही आजारपणाच्या प्रमाणपत्रावरच अवलंबून आहेत, सागोर्स्की यांच्यासारख्या दहाव्या आठवड्यातल्याही. या बाबतीत भारताचा 1961 चा मातृत्व लाभ कायदा पुढे होता. सव्विसाव्या आठवड्यापर्यंतच्या कुठल्याही गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा त्याने दिली, आणि किमान आठवड्याची अट घातली नाही. असंघटित क्षेत्रातल्या, ऊसतोडीच्या फडातल्या बायकांपर्यंत ती पोहोचली नाही ही त्याची उणीव मोठी आहे, आणि ज्यांना ती मिळू शकते त्यांतल्या कितीतरी जणींना ती माहीतच नाही, कारण कार्यालयात कारण सांगावं लागेल या संकोचाने त्या 'तब्येत बरी नाही' एवढंच लिहितात. वडिलांना मात्र दोन्ही कायद्यांत जागा नाही. न्यूझीलंडने 2021 मध्ये तीन दिवसांची शोकरजा दिली: आठवडा न मोजता, आणि आईबरोबर तिच्या जोडीदारालाही.