बीबीसीची मराठी वार्तापत्रे

बीबीसीची मराठी वार्तापत्रे ही लंडनहून लघुलहरींवर प्रसारित होणारी, जगातील घडामोडींचा आढावा घेणारी मराठी कार्यक्रममालिका होती. दुसरे महायुद्ध चालू असताना, १ मार्च १९४२ रोजी बीबीसीचे मराठी प्रसारण सुरू झाले. ३ सप्टेंबर १९४४ रोजी ते थांबले, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पुन्हा सुरू झाले आणि २५ डिसेंबर १९५८ पर्यंत चालले. युद्धकाळातील साप्ताहिक वार्तापत्र हा या प्रसारणाचा सर्वांत उल्लेखनीय भाग होय. १९४२-४३ मधील अनेक वार्तापत्रांचा मूळ इंग्रजी मसुदा इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी लिहिला होता आणि तो मराठीत आणून वाचण्याचे काम लंडनमधील मराठी भाषकांनी केले.

पार्श्वभूमी

बीबीसीने साम्राज्यातील श्रोत्यांसाठी १९ डिसेंबर १९३२ रोजी लघुलहरींवर प्रसारण सुरू केले. ते इंग्रजीत होते. भारतीय भाषांचा विचार युद्ध सुरू झाल्यावर झाला. ११ मे १९४० रोजी हिंदुस्थानी प्रसारण सुरू झाले. मराठी आणि गुजराती प्रसारणे मात्र त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी, एकाच दिवशी सुरू झाली. या तारखेमागे कारण आहे. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडले होते, ८ मार्चला रंगूनही पडले. युद्ध भारताच्या सीमेवर आले होते आणि ब्रिटिशांच्या सामर्थ्यावरील विश्वास डळमळला होता. अशा वेळी केवळ इंग्रजी जाणणाऱ्यांशी बोलून भागणार नाही, हे लंडनमधील अधिकाऱ्यांच्या लक्षात आले.

शत्रुपक्षानेही हेच ओळखले होते. सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने बर्लिनहून आझाद हिंद रेडिओचे प्रसारण जानेवारी १९४२ मध्ये सुरू झाले आणि १९ फेब्रुवारीला बोस यांचा स्वतःचा आवाज त्यावरून ऐकू आला. या केंद्राची साप्ताहिक बातमीपत्रे इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ, पंजाबी, उर्दू, पश्तू यांबरोबर मराठीतही होत. म्हणजेच १९४२ मध्ये मराठी श्रोत्याला युरोपातील दोन राजधान्यांतून, परस्परांविरुद्ध लढणाऱ्या दोन बाजूंचे जग आपल्या मातृभाषेत ऐकण्याची सोय झाली होती. मराठीच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

वार्तापत्र कसे तयार होई

वार्तापत्र म्हणजे बातम्यांचे वाचन नव्हे. बातमीपत्र दिवसभरात काय घडले ते सांगते. वार्तापत्र आठवडाभरातील घटना जोडून त्यांचा अर्थ लावते. रशियातील आघाडी, उत्तर आफ्रिकेतील वाळवंट, प्रशांत महासागरातील बेटे आणि अटलांटिकमधील जहाजवाहतूक यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे काही मिनिटांत नकाशा समोर नसलेल्या माणसाला समजावून सांगायचे असे. शाळेत भूगोल शिकवणाऱ्याला ही अडचण चांगली ठाऊक असते.

बीबीसीच्या पौर्वात्य सेवेतील भारतीय विभागाचे प्रमुख झुल्फिकार अली बुखारी होते. पुढे ते रेडिओ पाकिस्तानचे महासंचालक झाले. एरिक ब्लेअर, म्हणजेच जॉर्ज ऑर्वेल, ऑगस्ट १९४१ मध्ये या विभागात रुजू झाले. ऑर्वेल यांचा जन्म बिहारमधील मोतीहारीचा आणि तरुणपणी त्यांनी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी म्हणून नोकरी केलेली. साम्राज्यशाहीचा त्यांना तिटकारा होता. तरीही नाझी आणि जपानी सत्तेच्या विरोधात ब्रिटिश सरकारच्या बाजूने बोलणे त्यांनी पत्करले. भारत आणि आग्नेय आशियातील श्रोत्यांसाठी त्यांनी दोनशेहून अधिक वार्तापत्रे लिहिली. त्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ आणि हिंदुस्थानी या भाषांत भाषांतरित होण्यासाठी होती.

मसुदा तयार झाल्यावर तो दोन प्रकारच्या तपासणीतून जाई. एक तपासणी सुरक्षेची असे: शत्रूला उपयोगी पडेल असा तपशील त्यात नाही ना, हे पाहिले जाई. दुसरी धोरणाची: सरकारच्या भूमिकेला बाध येईल असे काही नाही ना, हे त्यात पाहत. त्यानंतर भाषांतर होई. प्रसारणाच्या वेळीही देखरेख संपत नसे. भाषा जाणणारी एक व्यक्ती संहिता समोर ठेवून ऐकत बसे आणि निवेदकाने मंजूर मजकूर सोडून काही बोलल्यास कळ दाबून प्रसारण तोडण्याचा अधिकार तिला असे. लंडनच्या त्या कक्षात मराठी वाचणारा आणि त्याच्यावर मराठीतूनच लक्ष ठेवणारा, असे दोघे असत.

भारतातील राजकीय संघर्षावर मोकळेपणाने बोलण्याची मुभा वार्तापत्रांना नव्हती. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत महात्मा गांधी आणि काँग्रेसचे इतर नेते यांना अटक झाली. त्या आठवड्यात महाराष्ट्रातील श्रोत्याला ज्या एका गोष्टीविषयी ऐकायचे होते, नेमक्या त्याच गोष्टीविषयी लंडनचा मराठी आवाज हातचे राखून बोलणार होता. हीच या प्रसारणाची मूलभूत दुर्बलता होती आणि भाषांतर कितीही चांगले असले तरी ती झाकणे शक्य नव्हते. २७ ऑगस्टला मुंबईतच ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १२ नोव्हेंबरला पोलिसांचा छापा पडेपर्यंत चालवला. बाहेरच्या जगाकडून न मिळणारी बातमी लोक घरात निर्माण करू लागले होते.

वेणू चितळे

मराठी वार्तापत्रांशी संबंधित व्यक्तींपैकी वेणू चितळे यांची माहिती सर्वांत अधिक उपलब्ध आहे. त्यांचा जन्म १९१२ मध्ये कोल्हापूर संस्थानातील शिरोळ येथे झाला. शिक्षण पुणे व मुंबई येथे झाल्यावर १९३४ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. युद्धकाळात बीबीसीच्या भारतीय विभागात त्यांनी ऑर्वेल यांच्यासोबत काम केले आणि निवेदनही केले. त्यांनी इंग्रजी कार्यक्रमांतही भाग घेतला. अन्नटंचाईच्या दिवसांत ब्रिटिश श्रोत्यांना शाकाहारी भारतीय पदार्थांची माहिती देणारी भाषणे त्यांत होती.

१९४२ मध्ये ऑर्वेल यांनी ‘व्हॉइस’ नावाचे नभोवाणीवरील वाङ्मयीन मासिक सहा अंकांत सादर केले. त्या कार्यक्रमाच्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात टी. एस. एलियट, विल्यम एम्प्सन, मुल्क राज आनंद, जमैकाच्या कवयित्री उना मार्सन आणि ऑर्वेल यांच्यासमवेत वेणू चितळे दिसतात. इंग्रजी साहित्याच्या इतिहासात हे छायाचित्र वारंवार छापले जाते. त्यातील मराठी स्त्रीकडे मात्र वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. युद्धानंतर चितळे भारतात परतल्या. १९५० मध्ये त्यांची ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी मुंबईहून प्रसिद्ध झाली. पुण्यातील एका एकत्र कुटुंबाच्या तीन पिढ्या हा तिचा विषय आहे. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

लघुलहरी आणि दूरचा श्रोता

मध्यमलहरी दिवसा प्रामुख्याने जमिनीच्या पृष्ठभागालगत पसरतात आणि अंतर व डोंगर यांमुळे क्षीण होत जातात. लघुलहरी आकाशाकडे जातात, पृथ्वीभोवतीच्या वातावरणातील आयनांबराच्या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर उतरतात. त्यामुळे एक विसंगती निर्माण होते. नाशिक जिल्ह्यातील कळवणचे उदाहरण घ्यावे. गिरणेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या रांगांनी वेढलेले हे गाव मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर आहे. अशा ठिकाणी दिवसा मुंबई केंद्राची मध्यमलहर अशक्त होते. पण हजारो किलोमीटरवरील लंडन, बर्लिन किंवा टोकियो संध्याकाळनंतर योग्य मीटरपट्ट्यावर स्पष्ट लागू शकते. जवळचे दुर्मीळ आणि दूरचे सुलभ, असा हा प्रकार आहे.

सुलभ म्हणावे ते अर्थात संच असलेल्यालाच. रेडिओसाठी परवाना लागे, संच महाग असे आणि वीज नसलेल्या गावी तो बॅटरीवर चालवावा लागे. १९४७ मध्येदेखील आकाशवाणीची भारतात केवळ सहा केंद्रे होती. त्यांचे प्रसारण देशाच्या २.५ टक्के भूभागापर्यंत आणि ११ टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत होते. वेळेचाही घोळ होता: युद्धासाठी १ सप्टेंबर १९४२ पासून भारतातील घड्याळे एक तास पुढे केली गेली, ती १९४५ च्या ऑक्टोबरात पूर्ववत झाली.

लघुलहरींचा आणखी एक दोष भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आयनांबराची स्थिती सतत बदलत असल्याने आवाज उंचावतो आणि खाली जातो. काही क्षण तो पूर्ण बुडतो. इंग्रजी वाक्यात क्रियापद आणि नकार आधी येतात. मराठीत ते दोन्ही शेवटी येतात. ‘सैन्याने शहर सोडले’ आणि ‘सैन्याने शहर सोडले नाही’ या दोन वाक्यांतील फरक अखेरच्या एका शब्दात आहे आणि नेमका तोच शब्द बुडाला तर श्रोत्यापर्यंत उलटी बातमी पोहोचते. इंग्रजी मसुद्यातील लांब, पोटवाक्ये असलेली रचना जशीच्या तशी मराठीत आणली की हा धोका वाढतो. म्हणून नभोवाणीच्या मराठीला आखूड वाक्यांची गरज असते. संज्ञांची अडचण त्या मानाने कमी होती. पाणबुडी, युद्धकैदी, दोस्त राष्ट्रे हे शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित होते.

परिणाम

या प्रसारणाचा प्रभाव किती पडला, याविषयी बीबीसीलाच शंका होती. १९४२ मध्ये लॉरेन्स ब्रँडर यांना श्रोत्यांची पाहणी करण्यासाठी भारतात पाठवण्यात आले. लंडनचे कार्यक्रम ऐकणारे फार थोडे आहेत, असे त्यांच्या पाहणीत दिसले. सप्टेंबर १९४३ मध्ये ऑर्वेल यांनी राजीनामा दिला. भारतातील तत्कालीन राजकीय परिस्थितीत ब्रिटिश प्रचार तेथे प्रसारित करणे जवळजवळ निष्फळ असून आपला वेळ आणि लोकांचा पैसा वाया जात आहे, असे कारण त्यांनी त्यात दिले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी बीबीसी सोडली. ब्रिटिशविरोधी प्रचाराचाही नमुना वाचकांसमोर असावा म्हणून, ऑर्वेल यांनी संपादित केलेल्या ‘टॉकिंग टू इंडिया’ (१९४३) या संग्रहात सुभाषचंद्र बोस यांच्या एका नभोवाणी भाषणाचा समावेश आहे. युद्ध चालू असताना आणि सरकारी सेवेत असताना असे करणे ही साधी गोष्ट नव्हती.

ही मालिका केवळ प्रचार म्हणून मोडीत काढणे मात्र योग्य ठरणार नाही. पराभव झाला असता तो पराभव आहे असे सांगण्याचा ऑर्वेल यांचा आग्रह त्यांच्या इंग्रजी वार्तापत्रांत दिसतो. सिंगापूर आणि रंगून यांचे पडणे त्यांनी लपवले नाही. शिवाय विभागाच्या इंग्रजी कार्यक्रमांत साहित्य, विज्ञान आणि समाज यांवरील व्याख्याने होती. भारतीय विद्यापीठांत इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाला धरून काही मालिका आखल्या होत्या.

जतन

ऑर्वेल यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही, जरी नोव्हेंबर १९४२ पासून इंग्रजी वार्तापत्र ते स्वतः वाचत असत. त्यांच्या नभोवाणी संहिता बीबीसीच्या लिखित दप्तरखान्यात अभ्यासक डब्ल्यू. जे. वेस्ट यांना सापडल्या आणि १९८५ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाल्या. पुढे पीटर डेव्हिसन यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात त्यांचा तपशीलवार समावेश झाला. भाषांतरासाठी लिहिलेल्या वार्तापत्रांचे भाग्य तसे नव्हते. त्यांचे इंग्रजी मसुदे बहुतांशी नष्ट झाले. ऑर्वेल यांनी लिहिलेले इंग्रजी वार्तापत्र आज छापील स्वरूपात वाचता येते. त्याच आठवड्यात मराठी श्रोत्याने काय ऐकले, ते मात्र तसे वाचता येत नाही.

नंतरचा काळ

स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीचा विस्तार झाला आणि मराठी बातम्यांसाठी लंडनवर अवलंबून राहण्याचे कारण उरले नाही. बीबीसीचे मराठी प्रसारण १९५८ च्या नाताळात बंद झाले. शीतयुद्धाच्या काळात मॉस्को रेडिओवरूनही मराठी कार्यक्रम होत असत. २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसीने गुजराती, पंजाबी आणि तेलुगू यांच्यासह मराठी सेवा पुन्हा सुरू केली. ती महाजालावर आहे, लघुलहरींवर नाही.