शिल्प पाहताना : पुतळ्याची पाठ

शिल्पकार हेन्री मूर आणि डॉ. पंजाबराव देशमुख एकाच वर्षी जन्मले, १८९८ साली. एक यॉर्कशायरमधल्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा, दुसरे आपल्या विदर्भातल्या पापळच्या शेतकऱ्याचे. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण पंजाबरावांचे, म्हणजे भाऊसाहेबांचे पुतळे आपल्याकडे जागोजागी आहेत, आणि शिल्प पाहायचं कसं हे मूरइतकं स्वच्छ फार थोड्यांनी सांगितलंय. म्हणून या आठवड्यात दोघांना एका जागी बसवतोय.

१९३७ साली मूरने लंडनच्या ‘द लिसनर’ साप्ताहिकात एक टिपण लिहिलं. शिल्पकाराने आपल्या कामाबद्दल फार बोलू-लिहू नये, त्याने कामाला लागणारा आतला ताण सैल पडतो, असं सुरुवातीलाच म्हणून मग तो बराच बोलला. त्याचं म्हणणं असं : रंग न कळणारी माणसं असतात, पण घनाकार न कळणारी त्याहून कितीतरी जास्त. वस्तू किती लांब आहे, कशी धरायची, कुठे आपटू, एवढं लहानपणी शिकलं की माणसाचं काम भागतं आणि नजर तिथेच थांबते. शिल्पकाराला मात्र थांबून चालत नाही. तो एक बाजू पाहत असतो तेव्हाच दुसरी त्याला ठाऊक असावी लागते. आकार केवढाही असो, तो मुठीत धरल्यासारखा मनात धरायचा. त्याचं वजन, त्याचा तोल, त्याने हवेत अडवलेली जागा, सगळं एकदम.

आपल्याकडे ही नजर न बनण्याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. आपण मूर्ती पाहत नाही, दर्शन घेतो, आणि दर्शन समोरून असतं. मेहकरचा शारंगधर बालाजी घ्या. १८८८ साली जमिनीतून निघालेली ही काळ्या पाषाणाची अखंड मूर्ती माणसाच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे. मागे प्रभावळ, बाजूला परिवार, सारं कोरीव काम समोर उभ्या भक्तासाठी. भुलाबाईच्या सणातही तेच; बाईच्या आणि भुलोजीच्या मूर्तीची पाठ बहुतेक वेळा कोरीच असते, कारण ती भिंतीकडे जाणार. यात दोष काही नाही. पूजेची वस्तू पूजेला पुरेशी असते.

पण त्याच मेहकरच्या मुलखात, लोणारला, दैत्यसूदनाचं देऊळही आहे. त्याची बाहेरची भिंत सरळ नाही. ती कोन काढत, आत-बाहेर होत फिरते, त्यामुळे दर दोन पावलांवर नवा कोपरा आणि नवी सावली पुढे येते. सकाळी उजळलेली आकृती दुपारी काळवंडते. एका जागी उभं राहून हे देऊळ पाहताच येत नाही, प्रदक्षिणाच घालावी लागते. म्हणजे शिल्पाभोवती फिरण्याची सवय आपल्या पायांना आहे. डोळे तेवढे गाभाऱ्यात राहिलेत.

आता घडवण्याकडे. शिल्प दोन वाटांनी होतं : लावत जाऊन किंवा काढत जाऊन. मातीकाम करणारा लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करतो, त्यावर माती थापतो, चुकलं तर खरवडून पुन्हा लावतो. दगडाला ही मुभा नाही. उडालेला टवका परत बसत नाही. आपला काळा बसाल्ट तर टाकीला चांगलाच दमवतो. मूरचा सुरुवातीचा आग्रह होता की दगड दगडासारखाच दिसावा. त्याला मऊ मांसाचं सोंग आणायला लावू नये. पुढे त्याने स्वतःच हा आग्रह सैल केला, आणि ते बरंच झालं. नाहीतर बाराव्या शतकातल्या आपल्या कारागिरांनी त्याच कठीण दगडात कोरलेली मोत्यांचे सर आणि पातळ वस्त्रं अपराध ठरली असती.

आपल्या शेजारच्या खानदेशातले, धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार या दोन्ही वाटा चाललेले. तरुणपणी पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत त्यांनी अजिंठा-वेरूळच्या भंगलेल्या शिल्पांची डागडुजी केली. हे शिक्षण कुठल्याच कलाशाळेत मिळत नाही, कारण तुटलेला हात जोडायचा तर आधी मूळ कारागिराने खांदा कसा विचारात घेतला होता ते कळावं लागतं. पुढे गांधीसागर धरणावरची पंचेचाळीस फुटी चंबळमाता त्यांनी काँक्रीटच्या ठोकळ्यातून कोरून काढली, दगड फोडावा तशी. आणि १८२ मीटरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी आधी लहान, मग मोठ्या, मग तीस फुटी अशा पायऱ्या चढत गेले. आकार वाढला की नुसतं गुणून भागत नाही. तीन फुटांवर शोभणारी धोतराची चुणी तीस फुटांवर नाला दिसू शकते.

हाच हिशेब आपल्या चौकांत चुकतो. पुतळा उंच चौथऱ्यावर चढतो, आपण खालून पाहतो, आणि दिसते ती हनुवटी आणि नाकपुड्या. जाणकार शिल्पकार हे आधीच धरून डोकं किंचित मोठं घेतो, मान पुढे झुकवतो. न जाणणारा खुणांवर भागवतो. गाडगेबाबांचे पुतळे पाहा : हातात खराटा, चिंध्यांचा अंगरखा, गाडगं, झाली ओळख. पण आयुष्यभर वाकून गावं झाडलेल्या माणसाचे खांदे, पाठ, पावलांवरचा भार? ते क्वचितच कुणी घडवतं. अंगावरच्या खुणा काढून घेतल्या तर खाली कुणीही म्हातारा उरेल, असे पुतळे मी अनेक पाहिलेत. उंची वाढवून ही उणीव भरत नाही. मूरच्याच मते काही इंचांचं शिल्पही भव्य वाटू शकतं आणि प्रचंड शिल्पही किरकोळ.

नजर तयार करायला त्याने स्वतः गोटे, हाडं, शिंपले गोळा केले. पाण्याने घासलेला गोटा दगडाची रीत शिकवतो, असं तो मानायचा. आपल्याला समुद्र नाही, पण वारी गावाजवळचं वाण नदीचं पात्र आहे. एखादा गोटा उचला, डोळे मिटून हातात फिरवा, मग उघडून पाहा.

शेवटी एक विनंती पुतळा समित्यांना. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. त्या आधी शिल्पकाराच्या कामशाळेत तुम्ही जाताच, हार घालता, फोटो काढता. पुढच्या वेळी अर्धा तास जास्त काढा. नमुन्याभोवती पूर्ण फिरा, मागे उभे राहा, चौथरा किती फुटांचा होणार ते विचारा आणि तेवढं खाली बसून वर पाहा. साचा निघेपर्यंत माती बदलता येते. एकदा ब्राँझ ओतलं की काही करता येत नाही.