तांबी बसवलीय? मग त्रास अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, तांबीचा विषय निघाला की कुणी म्हणतं, "ती छातीत चढते." कुणी म्हणतं, "थोडं सोसायचंच असतं." दोन्ही बाजूला ठेवा. कोणता त्रास आपोआप कमी होतो आणि कशासाठी लगेच दवाखाना गाठायचा, एवढं प्रत्येकीला माहीत हवं.

सुरुवातीला काय होतं?
पहिले ३ ते ६ महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात कळा येतात, मध्येच डाग पडतात. बहुतेकींचं हे हळूहळू कमी होतं. पण अंगात आधीच रक्त कमी असेल तर हे जास्तीचं जाणं झेपत नाही. चक्कर येते, दम लागतो? हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि नर्सताईंना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करा.

लगेच कधी जायचं?
• ओटीपोटात जोरात दुखतंय, ताप आहे, अंगावरून घाण वासाचं जातंय: जंतुसंसर्ग असू शकतो. बसवल्यानंतरचे पहिले ३ आठवडे जास्त लक्ष ठेवा.
• पाळी चुकली: तांबी असताना दिवस जाणं क्वचितच घडतं. पण गेलेच, तर गर्भ पिशवीऐवजी नळीत तर नाही ना, हे तपासावंच लागतं. नळी फुटली तर जिवावर बेततं. पाळी चुकलीय आणि पोटात जोराची कळ किंवा घेरी आली, तर १०८ ला फोन करा.
• दोरा लागत नाही किंवा तांबीचं टोक टोचतंय: ती सरकली किंवा पडली असेल. हजारात एखादीच्या पिशवीला छिद्र पडून ती पोटात जाते. सोनोग्राफी किंवा एक्स-रे करून शोधता येते. छातीत मात्र जात नाही. तपासणी होईपर्यंत निरोध वापरा.

तांबी पडायची भीती पहिल्या काही महिन्यांत जास्त असते. बाळंतपणानंतर लगेच बसवली असेल तर आणखी जास्त. म्हणून पाळी संपली की हात स्वच्छ धुऊन दोरा चाचपून पाहा. ओढू मात्र नका.

काढायची असेल तर?
बसवणं जसं तुमच्या मर्जीनं, तसंच काढणंही. "अजून थांब" असं कुणी म्हटलं, तरी नको असेल तर ठामपणे सांगा. घरी ओढून काढू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात, म्हणून दुसरं साधन आधीच ठरवा.

तांबीचं कार्ड जपून ठेवा. '३८० ए' १० वर्षं चालते, '३७५' ५ वर्षं. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या कार्डावरची तारीख पाहून या.