आरोग्यदायी विद्युतचुंबकीय प्रवाहमापक

आरोग्यदायी विद्युतचुंबकीय प्रवाहमापक हे दूध, फळांचे रस, औषधी द्रावणे अशा विद्युतवाहक द्रवांचा प्रवाह स्वच्छता राखून मोजणारे उपकरण आहे.

कार्यतत्त्व
मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर ते चालते. नळीबाहेरील वेटोळी चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. त्यातून द्रव वाहू लागला की समोरासमोरच्या दोन विद्युतअग्रांमध्ये द्रवाच्या वेगाच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतदाब उत्पन्न होतो. वेगाला नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले असता दर सेकंदाला वाहणाऱ्या द्रवाचे आकारमान मिळते.

रचना
नळीत फिरते भाग वा अडथळे नसल्याने द्रव साचून राहत नाही व जंतूंना थारा मिळत नाही. बाह्य कवच गंजरोधक पोलादाचे आणि अस्तर बहुधा पीएफए या प्लास्टिकचे असते. त्यामुळे उपकरण न काढता कॉस्टिक सोडा, नायट्रिक आम्ल व गरम पाण्याने धुता येते.

मर्यादा
खाद्यतेल व अतिशुद्ध पाणी यांची विद्युतवाहकता अत्यल्प असल्याने त्यांचा प्रवाह याने मोजता येत नाही. नळी पूर्ण भरलेली असावी लागते. दुधातील हवेचे बुडबुडेही आकारमानात धरले जातात. टँकरमधील दूध मोजताना प्रवाहमापकापूर्वी हवा वेगळी करणारे पात्र बसवतात ते याचसाठी. अन्यथा हवेचीही गणना दूध म्हणून होते आणि हिशेब चुकतो.