मोठ्या फ्रेमचे रिव्हॉल्व्हर : नळी कापावी की राहू द्यावी?

मोठ्या फ्रेमचे रिव्हॉल्व्हर म्हणजे .४४ किंवा .४५ व्यासाची जाड सहा काडतुसे सहज सामावून घेणारे आणि वजनाला किलोच्या वर भरणारे हत्यार. अमेरिकेत या जातीचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे दीर्घकाळ मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड इथे मुख्यालय असलेल्या स्मिथ अँड वेसन कंपनीची ‘एन-फ्रेम’. १९०८ च्या सुमारास .४४ स्पेशल या काडतुसासाठी निघालेल्या ‘ट्रिपल लॉक’पासून तिची परंपरा सुरू होते. .३५७ मॅग्नम आणि .४४ मॅग्नम ही दोन्ही दमदार काडतुसे याच फ्रेमच्या आधाराने बाजारात आली. या रिव्हॉल्व्हरांना साडेतीन इंचांपासून साडेआठ इंचांच्या आसपास अशा वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या मिळत आल्या आहेत. त्यामुळे साडेसहा किंवा आठ इंची नळीचे रिव्हॉल्व्हर हाती असलेल्या मालकापुढे एक प्रश्न वारंवार येतो. ही नळी कापून चार इंचांवर आणावी का?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे पहिले ठळक दाखले एकोणिसाव्या शतकातले आहेत. अमेरिकी सैन्याने १८७३ साली घोडदळासाठी कोल्ट कंपनीचे .४५ चे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ स्वीकारले. त्याची नळी साडेसात इंचांची होती. खोगिरावर बसलेल्या स्वाराला ही लांबी जड जात नव्हती. पुढे १८९२ मध्ये सैन्याने .३८ चे नवे रिव्हॉल्व्हर घेतले आणि जुनी कोल्ट कोठारात गेली. १८९५-९६ पासून तोफखान्यासाठी यांतलीच अनेक रिव्हॉल्व्हर बाहेर काढून त्यांच्या नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या गेल्या. ‘आर्टिलरी मॉडेल’ म्हणून ओळखले जाते ते हेच. तोफेभोवती वावरणाऱ्या सैनिकाला सुटसुटीत हत्यार हवे होते. शिवाय फिलिपिन्सच्या लढायांत .३८ ची गोळी अपुरी पडू लागली तेव्हा जुन्या .४५ ना पुन्हा मागणी आली. इथे निर्णयाला स्पष्ट कारण होते, काम सरकारी कारखान्याच्या देखरेखीखाली झाले आणि शस्त्रे जुनी, वापरलेली होती.

दुसरा दाखला स्मिथ अँड वेसनच्या स्कोफील्ड रिव्हॉल्व्हरचा. दहाव्या घोडदळातील अधिकारी जॉर्ज स्कोफील्ड यांनी कंपनीच्या मोठ्या ‘मॉडेल तीन’मध्ये सुधारणा सुचवल्या आणि सैन्याने १८७५ नंतर अशी काही हजार रिव्हॉल्व्हर विकत घेतली. नळी सात इंचांची होती. सैन्याने ती मोडीत काढल्यावर वेल्स फार्गो या टपाल-वाहतूक कंपनीने त्यांतली काही घेतली आणि आपल्या रक्षकांसाठी नळ्या पाच इंचांवर आणल्या. रक्षकाला हत्यार अंगावर वागवून दिवसभर प्रवास करायचा असे, म्हणून दोन इंचांचा फरक त्याला उपयोगी होता.

विसाव्या शतकात हा विचार टोकाला नेला तो कोल्ट कंपनीतील जॉन हेन्री फिट्झजेराल्ड यांनी. त्यांनी ‘न्यू सर्व्हिस’सारख्या भल्यामोठ्या रिव्हॉल्व्हरची नळी दोन इंचांच्या आसपास आणली आणि चापाभोवतीच्या कड्याचा पुढचा भाग काढून टाकला. ही ‘फिट्झ स्पेशल’ रिव्हॉल्व्हर खिशातून झटकन निघावीत आणि अगदी जवळच्या अंतरावर वापरता यावीत एवढ्याच हेतूने बनली होती. त्यांची संख्या मोजकी राहिली.

स्मिथ अँड वेसनने १९३५ मध्ये वेगळा मार्ग काढला. .३५७ मॅग्नमचे पहिले रिव्हॉल्व्हर ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ नावाने ग्राहकाच्या मागणीप्रमाणे बनवले जाई. साडेतीन ते पावणेनऊ इंचांपर्यंत हवी ती लांबी ग्राहक मागू शके. पहिले रिव्हॉल्व्हर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर यांना देण्यात आले. जनरल जॉर्ज पॅटन यांच्याकडचे साडेतीन इंची नळीचे होते. लांबीचा निर्णय इथे खरेदीच्या वेळीच होत असे आणि कारखाना त्या लांबीला जुळेल अशी नेम धरण्याची साइट, कडा आणि वजनाचा तोल बसवून देत असे. आधी घेऊन मग कापण्यापेक्षा ही रीत अधिक शहाणपणाची होती.

नळीची लांबी काय करते, हे समजल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. रिव्हॉल्व्हरची नळी सिलिंडरच्या पुढच्या तोंडापासून मोजतात. काडतूस बसते ती जागा या मापात येत नाही. गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते तेव्हा मधल्या बारीक फटीतून थोडा वायू बाहेर निसटतो. उरलेला वायू गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत राहतो. नळी जितकी लांब, तितका वेळ हा रेटा मिळतो. .४४ मॅग्नमची २४० ग्रेन वजनाची गोळी साडेसहा इंची नळीतून सेकंदाला साधारण १,३५० ते १,४०० फूट वेगाने निघते. चार इंचांतून हा वेग शंभर ते दीडशे फुटांनी कमी भरतो. वेग दहा टक्क्यांनी घटला की ऊर्जा जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सावकाश जळणारी दारू छोट्या नळीत पूर्ण जळत नाही. उरलेली दारू तोंडाबाहेर भडकते, त्यामुळे ज्वाळा आणि आवाज दोन्ही वाढतात. .४४ स्पेशल किंवा .४५ कोल्टसारख्या कमी दाबाच्या काडतुसांत हे नुकसान बरेच कमी असते.

नेमबाजीवरचा परिणाम याहून महत्त्वाचा आहे. नळीचा पीळ गोळीला फिरकी देतो आणि चार इंचांतही ती फिरकी पुरेशी मिळते. म्हणजे कापलेल्या नळीची मूळ अचूकता, तोंड नीट घडवले असेल तर, फारशी ढळत नाही. ढळतो तो माणसाचा नेम. मागची साइट आणि पुढची साइट यांच्यात २०० मिलिमीटर अंतर असताना पुढच्या साइटची एका मिलिमीटरची चूक २५ मीटरवर १२५ मिलिमीटर होते. हेच अंतर १५० मिलिमीटरवर आले की तीच चूक १६७ मिलिमीटरच्या आसपास जाते. शिवाय नळीच्या पुढच्या भागाचे वजन हत्याराचे तोंड खाली धरून ठेवते. ते गेले की गोळी सुटताना तोंड अधिक उसळते आणि दुसरा नेम धरायला जास्त वेळ लागतो. मॅग्नम काडतुसांत हा झटका मनगटाला चांगलाच जाणवतो.

या नुकसानीच्या बदल्यात मिळते काय? अडीच इंच नळी कापल्याने वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास कमी होते. बसल्यावर होल्स्टरचे टोक खुर्चीला किंवा गाडीच्या आसनाला टेकत नाही आणि हत्यार लवकर बाहेर येते. जंगलात अस्वलांच्या भीतीने .४४ बाळगणाऱ्याला किंवा दिवसभर पट्ट्यावर हत्यार वागवणाऱ्याला हा फायदा खरा आहे. पण मोठ्या रिव्हॉल्व्हरचा खरा आडदांडपणा नळीत नसून सिलिंडरमध्ये आणि फ्रेममध्ये असतो. एन-फ्रेमचा सिलिंडर सुमारे ४३ मिलिमीटर रुंद असतो आणि नळी कितीही छाटली तरी ही रुंदी तशीच राहते. लपवून बाळगायच्या हत्यारात लांबीपेक्षा जाडी आणि मूठ जास्त अडतात. म्हणून नळी कापून मोठे रिव्हॉल्व्हर लहान होईल ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते.

यंत्ररचनेच्या बाजूने पाहिले तर नळी ही नुसती पोकळ सळई नसते. एन-फ्रेममध्ये रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे पुढचे टोक नळीखालच्या उंचवट्यात अडकते. सिलिंडर जागेवर घट्ट राहण्यात त्याचा वाटा असतो. साडेतीन इंचांपर्यंत ही व्यवस्था टिकते. त्याहून आत गेले की दांडा आखूड करावा लागतो, पुंगळ्या पूर्ण बाहेर पडत नाहीत आणि पुढची पकडही जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या शिलकी मालातली स्मिथ अँड वेसनची .३८ ची मध्यम फ्रेमची अनेक रिव्हॉल्व्हर अशी कापून विकली गेली. त्यांतल्या काहींत ही पकड उरली नाही.

पुढची साइट नळीच्या टोकावर असते. टोक कापले की ती जाते आणि नवी साइट योग्य उंचीची बसवावी लागते. नळीची लांबी आणि गोळीचा वेग बदलला की गोळी लागण्याची उंचीही बदलते. मागची साइट फिरवून जुळवता येणारी असेल तर हे सावरता येते, पण ठरीव साइट असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये कारागिराचा कस लागतो. नळीचे तोंड अक्षाशी काटकोनात आणि आतल्या पिळाच्या कडा सगळीकडून सारख्या हव्यात, नाहीतर बाहेर पडताना गोळीला एका बाजूने धक्का बसतो. नळीवरचे शिक्के कापले जाऊ शकतात आणि कापलेल्या भागाला पुन्हा रंग चढवावा लागतो. अलीकडच्या काही रिव्हॉल्व्हरांत बाहेरचे कवच आणि आत ताणून बसवलेली नळी असे दोन भाग असतात. त्यांत कापण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण आतल्या नळीचा ताण तोंडापाशीच धरलेला असतो.

कापण्याला पर्याय आहे तो नळी बदलण्याचा. कारखान्यातली छोटी नळी मिळाली तर ती बसवून मूळ लांब नळी जपून ठेवता येते. हे काम मात्र फ्रेमला योग्य आधार देणाऱ्या अवजारांनी आणि जाणकार कारागिराकडूनच व्हावे लागते. चुकीच्या जागी जोर दिला तर फ्रेम पिळवटते, आणि नव्या नळीची सिलिंडरशी असलेली फट नीट जुळली नाही तर वायू जास्त गळतो.

पैशाचा हिशेबही एकाच बाजूला झुकतो. मूळ स्थितीतल्या ‘ट्रिपल लॉक’, ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ किंवा सुरुवातीच्या .४४ मॅग्नम ‘मॉडेल २९’ला संग्राहक मोठी किंमत देतात. कापलेल्याला ती मिळत नाही. वेल्स फार्गोच्या स्कोफील्डला किंमत येते ती तिच्यामागच्या पुराव्यानिशी सिद्ध होणाऱ्या इतिहासामुळे, आणि म्हणूनच तिचे खोटे शिक्के मारलेले नमुनेही बाजारात फिरतात.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत रायफल आणि शॉटगनच्या नळीला केंद्रीय कायद्याची किमान मर्यादा आहे, रिव्हॉल्व्हरला तशी नाही. भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार कोणत्याही बंदुकीची नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि त्याविना तसे करणे कलम २५ खाली गुन्हा आहे. रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा परवाना म्हणजे नळी कापण्याची परवानगी नव्हे. वडिलोपार्जित परवानाप्राप्त शस्त्रालाही हा नियम लागू होतो.

सगळे मुद्दे एकत्र मांडले तर निर्णयाची दिशा स्पष्ट दिसते. रिव्हॉल्व्हर जुने, मूळ स्थितीतले किंवा दुर्मीळ असेल तर त्याची नळी कापू नये. गरज फक्त सुटसुटीतपणाची असेल तर आधी होल्स्टर बदलावे, मग कारखान्याच्या छोट्या नळीचा पर्याय पाहावा, आणि तोही नसेल तर छोट्या नळीचे दुसरे रिव्हॉल्व्हर घ्यावे. कापणे योग्य ठरते ते एकाच परिस्थितीत: नळीचे तोंड आधीच खराब झालेले असावे, शस्त्राला संग्रहमूल्य नसावे, कायद्याची परवानगी असावी आणि काम अनुभवी कारागिराच्या हाती असावे. तेव्हाही लांबी साडेतीन-चार इंचांच्या खाली नेऊ नये. कापलेली नळी पुन्हा वाढवता येत नाही, म्हणून शंका असेल तोवर ती आहे तशी ठेवणे हाच योग्य निर्णय.